भुताला कुठं नेलं होतं, ते विचार

नंदू, तुझं सगळं आवरून झालं. दुकानाचा करार तुझ्या जोडीदाराच्या, मोईनच्या नावावर केला. मोबाइल बंद करायचा अर्ज दिला. शर्ट धुऊन, इस्त्री करून ज्यांना व्हायचे त्यांना दिले. तुझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं काम शेजारच्या वहिनींवर सोपवलं. मी यादी करते आणि एकेका ओळीवर रेघ मारत जाते, त्याला तू ‘ताईची हजेरी’ म्हणायचास. या वेळी सगळे हजर झाले, एक सोडून. एक कागद माझ्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. त्यावरून आपलं भांडण दिवाळीपासून चालू होतं आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास. सही करण्याआधी तुझ्याशी बोलणं भाग आहे.

आधी तेराव्याचं सांगते, म्हणजे तुला हसू येईल. लासूरहून काकू आल्या होत्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “शेवटी त्या गांजानंच नेलं बाई पोराला.”

मी म्हटलं, “काकू, गांजा सोडून त्याला पंचवीस वर्षं झाली. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

“तेच गं. आतून पोखरलं असंल.”

“पंचवीस वर्षं?”

“मंग त्या गोळ्यांनी नेलं असंल. लई गोळ्या खायचा.”

मी ताटं उचलली. पण नंतर भांडी आवरताना विचार करत राहिले, की माणूस गेला की लोकांना कारण एकच का लागतं? अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्याला एक कारण कसं पुरेल? तू असतास तर म्हणाला असतास, “काकूंना कारण नको गं ताई, घरी न्यायला शिदोरी पाहिजे.”

आता त्या कागदाचं. तुला सगळं माहीत आहे, पण हे इतरही वाचतील, म्हणून पहिल्यापासून सांगते.

चिकलठाण्याच्या आमच्या प्रेसमध्ये लेबलं, खोकी आणि औषधाच्या खोक्यात घडी करून घालतात ती माहितीपत्रकं छापली जातात. मशीनवर चढण्याआधी प्रत्येक मजकूर माझ्या हाताखालून जातो. आमची वाचायची पद्धत उलटी आहे. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि एकेक शब्द मागे मागे येत पहिल्यापर्यंत पोचायचं. सुलटं वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चूक निसटते. उलटं वाचलं की अर्थ उरतच नाही, नुसती अक्षरं उरतात. मी हे इतकी वर्षं केलंय, की वाणसामानाच्या पुड्याचा कागददेखील मी आधी खालून बघते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तू नेहमीसारखा जेवायला आलास. टेबलावर एका तेलाचं नमुन्याचं खोकं होतं. भाकरी मोडायच्या आधी तू ते उचललंस, डोळ्यांपासून लांब धरलंस, मग जवळ आणलंस.

“हे मुंगीसाठी छापता का गं?”

“कायद्यात जेवढं अक्षर सांगितलंय तेवढं आहे.”

“कायदा लिहिणाऱ्यानं चष्मा लावला असंल.” तू चष्मा लावलास. “विजया. म्हणजे काय?”

“भांगेचं झाड. पानाचा अर्क आहे. झोपेसाठी, दुखण्यासाठी. वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळतं.”

“म्हंजे गांजाच की! मिशा काढून आलाय.”

“गांजा फुलाचा. हे पान आहे. कायदा दोघांना वेगळं धरतो.”

“एकाच झाडाचं पान दुकानात आन् फूल जेलात. लई भारी न्याय.” मग तू खोकं फिरवलंस आणि मला विचारलंस, “इशारा काय लिहिलाय यात?”

मला सांगता येईना. त्या खोक्यावरच्या प्रत्येक वेलांटीची, प्रत्येक टिंबाची मला खात्री होती. इशारा काय होता, ते माहीत नव्हतं. तू ताटावरून उठून हसलास. “आयुष्यभर इशारेच वाचते आमची ताई, आन् एकही कधी तिच्या कानावर गेला नाय!”

इशारा होता, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे. इंग्रजीत आणि हिंदीत. तू म्हणालास, “एवढ्यानं भागतं?” मी म्हटलं, कायद्यानं भागतं. पण कंपनीला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्यांच्या वैद्य मॅडमना खोक्यात मराठी माहितीपत्रक घालायचं होतं, त्यात सावधगिरीचा भाग नीट हवा होता, आणि माझं मराठी बरं म्हणून कच्चा मजकूर सुधारायला त्यांनी माझ्याकडे दिला होता. त्यातलं एक वाक्य मी तुला वाचून दाखवलं. त्या वाक्यानं आपली पुढची सगळी रविवारची जेवणं खाल्ली.

ते वाक्य असं होतं: “स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला मानसिक आजाराचा इतिहास असल्यास हे औषध घेऊ नये.”

मला ते चांगलं वाटलं. आटोपशीर, चूक नसलेलं. तू भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालास, “आईला हे वाचून दाखवलं असतंस, तर आई काय म्हणाली असती?”

मी विचार केला. उत्तर मला माहीत होतं, कारण आईनं ते एकदा खरोखरच दिलं होतं.

तू तेव्हा एकविशीचा. जुन्या शहरात एका पेंटरकडे बोर्ड रंगवायला शिकत होतास आणि मोईन तुझ्या बरोबरीनं शिकत होता. एका डब्यात दोघांचे ब्रश, एका डब्यातलं दोघांचं जेवण. सुट्टीच्या दिवशी लेण्यांच्या मागच्या टेकडीवर जायचात, तिथं चिलीम असायची. आधी सुट्टीपुरती, मग रोज संध्याकाळी. पुढे एकदा घरी येऊन तू मला म्हणालास, “ताई, आज सगळ्या रिक्षा एकच सांगत होत्या.” काय सांगत होत्या, विचारलं तर म्हणालास, नंबरप्लेटी जोडून वाच, कळेल. महिनाभरात तुझी झोप गेली. मग तू खिडकीला आतून कांबळं लावलंस, कारण रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी तुला निरोप देऊन जायची आणि तुला ते निरोप सोसेनात.

मी तुला डॉक्टरांकडे नेलं, आई बरोबर होती. डॉक्टर चांगले होते, घाई न करणारे. त्यांनी आईला विचारलं, “माहेरी-सासरी कुणाला मानसिक आजार होता का?”

आई म्हणाली, “नाय बा. आमच्यात तसलं काय नाय.”

ती खोटं बोलली नव्हती. हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली, आणि ते तुझ्यासमोरच कळलं. पिशोरला मामाच्या घरी आपण गेलो होतो. तू बरा होतास, गोळ्या चालू होत्या, दुकान लागलं होतं. ओसरीवर सगळ्या बायका तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आई सहज बोलली, “दगडूदादा पण नंदूसारखाच रेडिओवाल्याशी भांडायचा. म्हणायचा, माझं नाव कशापायी घेतो? विहिरीवर जाऊन बसायचा.”

मी हातातली शेंग खाली ठेवली. “आई, हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“त्येला कुठं आजार होता? त्येला बाहेरचं होतं. देवऋष्यानं उतरवलं की!”

तू हसायला लागलास. इतका हसलास की तुरीच्या दाण्यांचं सूप उलटलं. आई रागावली, मामी दाणे वेचत बसली, आणि तू डोळे पुसत म्हणालास, “व्हय आई. मला आतलं झालं, मामाला बाहेरचं. एकाच घराची दोन दारं.”

डॉक्टरांनी आपल्याला जे सांगितलं होतं ते मी तेव्हाही लिहून घेतलं होतं, आजही तसंच आठवतं. पुष्कळ जण ओढतात आणि त्यांना असं काही होत नाही. काहींना होतं. वय कोवळं असेल, रोजची सवय असेल, माल कडक असेल, घरात आधी कुणाला असा आजार झाला असेल, तर शक्यता वाढते. अमक्याला होईल आणि तमक्याला नाही, असं आधी सांगता येत नाही. मला हे शेवटचं वाक्य कधीच पटलं नाही. मोईन तुझ्याबरोबर तीच चिलीम ओढत होता. तोच माल, तीच टेकडी, तेच वय. त्याचं काहीच बिघडलं नाही. का? इतकी वर्षं हा प्रश्न माझ्याकडे उघडा पडला होता. पिशोरच्या ओसरीवर तो मिटला. तुझ्या घरात दगडूमामा होता, मोईनच्या घरात नव्हता. जमलं. मी तुला तसं सांगितलंसुद्धा. तू माझ्याकडे बघितलंस, मान डोलावलीस आणि म्हणालास, “बरं झालं, ताईचं जुळलं.”

ती मान डोलावणी लक्षात ठेव. तिच्याकडे परत यायचंय.

जुळण्यावरून आठवलं. एकदाच मी तुला धीर करून विचारलं होतं, की ते दिवस आतून कसे होते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, कीव म्हणून नव्हे. तू दुकानात नंबरप्लेट कापत होतास. म्हणालास, “भीती नंतर आली गं. आधी मजा होती. सगळं जुळत होतं. रिक्षाचा नंबर, पेपरातला मथळा, तू भाजीत मीठ किती घातलं ते. तुला यादी पुरी झाली की बरं वाटतं ना? तसं. फक्त ते थांबत नाय.” मग प्लेट उचलून दिव्याकडे धरलीस. मी विचारलं, “आणि आता हेच नंबर दिवसभर कापतोस, काही वाटत नाही?” तू म्हणालास, “वाटतं की. तेव्हा निरोप यायचे, आता मी धाडतो.”

तुझ्या दुकानात ते पान मागायला येणारी पोरं मला आठवतात. गांजाच्या सात बोटांच्या हिरव्या पानाचा स्टिकर, गाडीच्या टाकीवर लावायला. मला वाटायचं तू त्यांना हाकलशील. तू कधीच हाकललं नाहीस. मी होते तेव्हाचा तो एक, केसांना पिवळा रंग लावलेला.

“काका, ते पान पायजे. मोठं.”

“लावतो. खाली एक ओळ फुकट.”

“कोणती?”

“‘नंबरप्लेटी बोलायला लागल्या तर याच दुकानात या.’”

तो हसला. “नंबरप्लेटी कशा बोलतील, काका?”

“माझ्याशी बोलल्या. लई गोड बोलल्या आधी.”

तो हसायचा थांबला. पान लावून घेतलं, ओळ नको म्हणाला. मोईन मागून ओरडला, “अरे भाई, धंदा कर! वाज कायकू देता?” वाज म्हणजे प्रवचन. तू म्हणालास, “वाज नाय, वॉरंटी आहे.” मी घरी येताना विचार करत होते, की ही ओळ त्या पोराबरोबर गेली असेल का. टाकीवर नसली तरी डोक्यात गेली असेल का. आणि आमच्या प्रेसमधून बाहेर पडलेल्या इतक्या ओळींपैकी एखादी तरी कुणाबरोबर गेली असेल का.

गांजा वाईट, असं तुझ्या तोंडून कुणी वदवून घेऊ शकलं नाही. शाळेतल्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं, तिथंही तू गडबड केलीस. “गांजाला दोष दिला की तुमचं काम संपतं,” असं म्हणालास, आणि मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. पण महाशिवरात्रीला कुणी म्हणालं, की हा तर शंकराचा प्रसाद, नैसर्गिक वस्तू, तिचा काय त्रास, तर त्यालाही सोडायचा नाहीस. “धोत्रा बी निसर्गानंच दिलाय. घे ना वाटी भरून.” तुझी बाजू कोणती, हे मला कधी नीट कळलं नाही. मला बाजू लागते. तुला प्रश्न पुरायचा.

म्हणून ते वाक्य. तुझं म्हणणं इतकंच होतं, की ‘मानसिक आजाराचा इतिहास’ हे शब्द आपल्या घराच्या दारातून आत येत नाहीत. आपल्याकडे मानसिक आजार कुणाला नसतोच. बाहेरचं असतं. हवा लागलेली असते. डोक्यावर परिणाम झालेला असतो, तोही शेजाऱ्याच्या. ज्याच्यासाठी इशारा लिहिलाय तो वाचणार, म्हणणार ‘आमच्यात तसलं काय नाय’, आणि झाकण उघडणार.

“अरे, पण औषधाच्या कागदावर ‘बाहेरचं’ कसं छापायचं?” मी वैतागून म्हटलं होतं. “लोक म्हणतील, कंपनीच भुतं मानते.”

“भूत मानू नको. भुताला कुठं नेलं होतं, ते विचार.”

आणि तू माझ्या कच्च्या मजकुरावर, माझ्या वाक्याच्या खाली, तुझ्या त्या पेंटरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंस: “घरात कुणाला कधी ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋष्याकडे नेलं होतं का? असेल तर हे घेऊ नका, आधी डॉक्टरांना ते सांगा.”

मी म्हटलं, दोन्हीपैकी एकच राहील. तू म्हणालास, मग तुझं काढ. मी म्हटलं, माझं शास्त्रीय आहे. तू म्हणालास, माझं बी शास्त्रीयच आहे, फक्त मराठीत आहे. होळीपर्यंत हे चाललं. अक्षराच्या आकारावरून वेगळं भांडण. तुझं मत, सावधगिरीचा भाग चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे, बाकीचं गुणवर्णन हवं तर मुंगीला द्या. शेवटच्या रविवारी जाताना चपला घालत तू म्हणालास, “त्या मॅडमला दाखव तरी. नाय म्हणू दे तिला.” मी म्हटलं, बघू. पुढचा रविवार आलाच नाही.

म्हणून परवा, प्रेसमध्ये पुन्हा रुजू झाल्यावर, पहिलं काम ते केलं. वैद्य मॅडमना फोन लावला आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवली.

“ताई, हे छापता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही औषध बनवतो. देवऋषी वगैरे शब्द आमच्या कागदावर कसे येतील? वरचे लोक हसतील.”

मी वाद घालणार नव्हते. मला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. “मॅडम, तुम्ही स्वतः रुग्ण तपासता ना? समोर पैठणकडची म्हातारी बसली असेल, तर हा प्रश्न तिला कसा विचारता?”

“म्हणजे?”

“‘मानसिक आजाराचा इतिहास आहे का’, असं विचारता?”

त्या हसल्या. “नाही हो. तसं विचारलं तर नाहीच म्हणतात सगळे. मी विचारते, घरात कुणाला कधी बाहेरचं वगैरे…” आणि तिथंच थांबल्या.

मीही थांबले. नंदू, तू असतास तर त्या क्षणी काहीतरी टाकून बोलून सगळं बिघडवलं असतंस. मी गप्प राहिले, हे माझं तुझ्यापेक्षा बरं.

“तोंडानं विचारते ते कागदावर का नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?” त्यांनी विचारलं.

“माझं नाही. माझ्या भावाचं.”

“त्यांना द्या ना फोन.”

मी सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. मग पुष्कळ वेळ त्या तुझ्याबद्दलच विचारत राहिल्या. सहानुभूतीनं विचारत होत्याच, पण त्याहून जास्त कुतूहलानं, तुला आवडलं असतं असं. नंबरप्लेटींचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, की गोड बोलायच्या म्हणजे नक्की कसं? तो प्रश्न मी तुझ्यासाठी ठेवलेल्या प्रश्नांत लिहून ठेवला. शेवटी त्या म्हणाल्या, “दोन्ही वाक्यं ठेवा. आधी तुमचं, खाली त्यांचं. वरच्यांशी मी बोलते. पण छापण्याआधी दोन-चार साध्या माणसांना वाचून दाखवा. कुणाला कळलं नाही किंवा कुणी दुखावलं, तर मी काढून टाकीन.”

साधा माणूस म्हटल्यावर मी तुझ्या दुकानात गेले. मोईन एकटाच होता. तुझं स्टूल त्यानं भिंतीला टेकवून ठेवलंय, त्यावर कुणाला बसू देत नाही, मलाही नाही. माझ्यासाठी शेजारून खुर्ची मागवली.

“क्या बाजी, खाली पेट आये क्या? चाय बोलूं?” तुझी ताई, त्याची बाजी.

“चहा नंतर. मी वाचते, तू ऐक. कळलं नाही तर थांबव.”

आणि मी वाचायला लागले. सुलटं. पहिल्या शब्दापासून. मला वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं, डोळा सारखा खाली जात होता. माझं वाक्य वाचलं. मोईननं मान हलवली, “हौ, अच्छा है,” म्हणाला आणि प्लेटवरची धूळ झटकली. त्याला काही लागलं नव्हतं, हे दिसत होतं. मग तुझं वाक्य वाचलं.

मोईनचा हात थांबला.

“ये नंदू का है ना?”

“हो.”

“फिर से पढो.”

मी पुन्हा वाचलं. तो म्हणाला, “एक लफ्ज कम है, बाजी. हमारे में ‘बाहरका’ नै बोलते. ‘असर’ बोलते. मेरी फुफी पे असर था. हर जुम्मेरात दर्गे पे ले जाते थे उसकू. दीवारों से बातां करती थी बेचारी. डागदर कू कब्बी नै बताए. बतानेकी चीज थोडी थी वो?”

मी हातातला कागद खाली केला. माझं इतक्या वर्षांचं जुळलेलं उत्तर तिथंच सुटं झालं. तुझा मामा, त्याची आत्या. तीच टेकडी, तीच चिलीम, तसंच घर.

“मग मोईन, तुला काही का नाही झालं?”

“अल्ला जाने.” त्यानं तुझ्या स्टुलाकडे बघितलं. “नंदू बी यहीच पूछता था. चाय पीते पीते पूछता था, तू कैसा बचा रे? मैं बोलता, मेरेकू क्या मालूम. फिर दोनों हसते थे.”

म्हणजे तुला माहीत होतं. त्या आत्याचं तुला सगळं माहीत होतं. पिशोरहून आल्यावर मी हिशेब लावून दाखवला, तेव्हा तू मान डोलावलीस आणि म्हणालास, ताईचं जुळलं. मला सांगितलं का नाहीस? मला वाईट वाटेल म्हणून? की सगळं जुळल्यावर माणसाला किती बरं वाटतं, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून? तुला विचारायच्या प्रश्नांत हा सगळ्यात वर आहे. त्याला उत्तर मिळणार नाही, हे मला कळतं. तरीही तो वरच ठेवलाय.

एक मात्र कळलं, उशिरा. इशारा म्हणजे भविष्य नव्हे. मी तो नेहमी तसा धरला, म्हणजे अमुक असेल तर तमुक होईल, जोड्या लावा. डॉक्टर सांगत होते, तू सांगत होतास, की काय होईल ते कुणाला ठाऊक नाही, म्हणूनच तर आधी विचारायचं. ठाऊक असतं तर इशारा कशाला लागला असता?

मोईननं मग माझ्या हातून कागद घेतला आणि काउंटरवरच्या पेन्सिलीनं ‘बाहेरचं’च्या पुढे ‘किंवा असर’ आणि ‘देवऋष्याकडे’च्या पुढे ‘किंवा दर्ग्यावर’ लिहिलं. मी म्हटलं, दर्ग्यावर नेलं म्हणून कुणाला वाईट तर वाटणार नाही? तो म्हणाला, “बुरा कायकू लगेगा? गये थे तो गये थे. पूछ रहे ना बस, गाली थोडी दे रहे?” त्याचंही अक्षर तुमच्या त्याच पेंटर उस्तादाच्या वळणाचं आहे. नीट बघितलं तरच कळतं, कुठं तू थांबलास आणि कुठं तो सुरू झाला.

वैद्य मॅडमना दुरुस्ती कळवली. काल त्यांचा होकार आला आणि आज नवीन प्रूफ टेबलावर आहे. सगळे शब्द आहेत. सावधगिरीचा भाग बाकीच्या मजकुराहून मोठ्या अक्षरात आहे. त्यासाठी गुणवर्णनातली अर्धी विशेषणं मी कापली, कुणी हरकत घेतली नाही. माझं वाक्य वर आहे, तुझं खाली आणि तुझ्यात मोईन आहे.

उलटं वाचून झालं. एकही चूक नाही. आता सही करते, पण त्याआधी चष्मा काढून ठेवते आणि एकदा वरून खाली वाचते, मोठ्यानं, तुला ऐकू जाईल असं. “घरात कुणाला कधी…”

वाचता येतंय, नंदू. चष्म्याशिवाय.